क्षारपड व प्रदूषित जमिनीसाठी जनुकसुधारित वनस्पती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कृष्णा आणि वारणा या नद्यांच्या काठची काळी, कसदार जमीन अनेक दशके पाटपाण्यावर आणि उपसा सिंचनावर ऊस पिकवत आली. वाळवा, मिरज आणि पलूस तालुक्यांतील तिचा काही भाग आज पांढरा पडला आहे. क्षार सोसणारे किंवा मातीतील विषारी घटक शोषून घेणारे एखादे नवे वाण या जमिनी वाचवेल का, असा प्रश्न शेतकरी, कृषी पदवीचे विद्यार्थी आणि ग्रामपंचायतींचे सदस्य सातत्याने विचारतात. पुढील उत्तरे सांगली-सातारा भागातील जमीन आणि पिके समोर ठेवून लिहिली आहेत.

क्षारपड आणि चोपण जमिनीत काय फरक आहे, आणि वनस्पतीचा विचार करण्याआधी तो का जाणून घ्यावा?

क्षारयुक्त जमिनीत पाण्यात विरघळणारे क्षार साचलेले असतात. तिच्या संपृक्त अर्काची (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या द्रावणाची) विद्युत वाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे माप, ४ डेसिसायमन प्रतिमीटरपेक्षा जास्त असते, सामू (पीएच) सहसा ८.५ पेक्षा कमी असतो आणि उन्हाळ्यात पृष्ठभागावर पांढरा थर दिसतो. चोपण जमिनीत विद्राव्य क्षार कमी असू शकतात, परंतु मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमचे प्रमाण १५ टक्क्यांपेक्षा जास्त आणि सामू ८.५ च्या वर असतो. अशी जमीन ओली असताना चिकट होते, वाळली की दगडासारखी टणक होते आणि तिच्यातून पाणी खाली मुरत नाही. पहिल्या जमिनीतील क्षार पाण्याबरोबर धुऊन निघू शकतात. दुसऱ्या जमिनीत आधी जिप्सम किंवा गंधकासारखे सुधारक टाकून सोडियमची जागा कॅल्शियमला द्यावी लागते. आपल्या काळ्या जमिनीत चुनखडीच्या रूपात कॅल्शियम बहुधा असतेच, ते मोकळे करायला गंधकही उपयोगी पडते.

येथे एक सूचना आवर्जून करावीशी वाटते. अनेक प्रयोगशाळा एक भाग माती आणि अडीच भाग पाणी या द्रावणात वाहकता मोजतात आणि तो आकडा संपृक्त अर्काच्या आकड्यापेक्षा बराच कमी येतो. त्यामुळे अहवालात दीड किंवा दोन हा आकडा पाहून जमीन निर्धोक असल्याचे समजण्याची चूक होते. मोजणी कोणत्या पद्धतीने केली, हे प्रयोगशाळेला नक्की विचारावे.

क्षार वनस्पतीला नेमकी कोणती इजा करतात?

इजा दोन प्रकारची असते. मातीतील द्रावण खारट झाले की मुळांना पाणी ओढून घेणे जड जाते, म्हणून रान ओले असूनही पीक तहानलेले राहते. काही दिवसांनी सोडियम आणि क्लोराइड पानांपर्यंत पोहोचतात, पोटॅशियमची जागा अडवतात आणि पानांच्या कडा करपू लागतात. क्षार सोसणाऱ्या वनस्पतींनी यावर स्वतःचे उपाय घडवलेले आहेत. काही वनस्पती सोडियम मुळातूनच बाहेर टाकतात, काही ते खोडात चढू देत नाहीत, काही ते पेशीतील रिक्तिकेत (द्रवाने भरलेल्या पिशवीत) कोंडून ठेवतात, तर काही ग्लायसिन बीटेन किंवा प्रोलिनसारखी संयुगे तयार करून पेशीतील पाणी धरून ठेवतात. जनुकीय अभियांत्रिकीने, म्हणजे एका सजीवाचे जनुक दुसऱ्यात घालण्याच्या तंत्राने, उपायांचा हाच साठा चाळला आहे.

सोडियम रिक्तिकेत ढकलणाऱ्या एनएचएक्स१ या जनुकाचा प्रभाव १९९९ मध्ये मोहरीच्या कुळातील एका छोट्या प्रायोगिक वनस्पतीत दाखवला गेला. २००१ मध्ये ते जनुक घातलेला टोमॅटो लिटरमागे सुमारे १२ ग्रॅम मीठ असलेल्या पाण्यावर वाढला आणि त्याला फळेही धरली. आपल्या देशात चेन्नईच्या एम. एस. स्वामीनाथन संशोधन प्रतिष्ठानने खारफुटीतील तिवर या झाडाचे जनुक भातात घातले, तर भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्थेने सॅलिकॉर्निया या खाऱ्या जमिनीतील वनस्पतीच्या जनुकांचा अभ्यास केला. काम गंभीर आहे आणि मोलाचेही आहे. तरीही त्या टोमॅटोला पंचवीस वर्षे होत आली असताना अशा जनुकाचे टोमॅटोचे बियाणे बाजारात आलेले नाही. कुंडीत एकाच मिठाचे, एकाच तीव्रतेचे पाणी दिले जाते. शेतात उन्हाळा, पाण्याची चढती पातळी, अनेक क्षारांचे मिश्रण आणि हवेअभावी गुदमरणारी मुळे हे सारे एकाच वेळी पिकावर येते.

क्षार सोसणारे प्रत्येक वाण जनुकीय अभियांत्रिकीतूनच आलेले असते का?

तसे नसते, आणि हा गैरसमज दूर होणे आवश्यक आहे. केरळच्या किनाऱ्यावरील पोक्काली भात आणि राजस्थानातील खारचिया गहू ही शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेली वाणे आहेत. कर्नालच्या केंद्रीय मृदा क्षारता संशोधन संस्थेने खारचियाचा आधार घेऊन केआरएल मालिकेतील गव्हाची वाणे साध्या संकरातून तयार केली. ऑस्ट्रेलियात एका जुन्या गव्हातील सोडियम अडवणारे जनुक संकर आणि जनुकीय खुणांच्या (हवे ते जनुक कोणत्या रोपात आले हे ओळखण्याच्या खुणांच्या) मदतीने ड्युरम गव्हात आणले गेले, आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार क्षारयुक्त रानात त्याचे उत्पादन सुमारे २५ टक्क्यांनी वाढले. परके जनुक घालण्याची गरज तेथे पडली नाही.

आपल्या भागातले उदाहरण तासगावच्या द्राक्षबागांचे आहे. द्राक्षवेल क्षारांना फार हळवी असते, म्हणून बागायतदार डॉगरिज या खुंटावर (कलमाखालच्या मुळांच्या वेलीवर) कलम करतात आणि क्षार व पाण्याचा ताण बऱ्याच अंशी त्या खुंटावर सोपवतात. मुळांची निवड बदलून ताण सोसण्याची ही रीत येथे रुळलेली आहे.

क्षार सोसणाऱ्या उसाचे बेणे मिळते का?

जनुकसुधारित उसाला भारतात लागवडीची परवानगी नाही. पारंपरिक संकरातून आलेली काही वाणे मात्र इतरांपेक्षा अधिक तग धरतात. सातारा जिल्ह्यातील पाडेगावच्या मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्राने २००७ मध्ये प्रसारित केलेला फुले २६५, म्हणजे को-एम ०२६५, क्षारपड आणि चोपण जमिनीत इतर वाणांच्या मानाने बरा येतो. १९९६ मध्ये प्रसारित झालेला को ८६०३२ आजही सर्वत्र दिसतो.

जनुकसुधारित उसाचे उदाहरण इंडोनेशियात आहे. तेथे मुळांवरील गाठींत राहणाऱ्या एका जिवाणूचे, ग्लायसिन बीटेन तयार करणारे जनुक घातलेल्या दुष्काळसहनशील उसाला २०१३ च्या सुमारास मान्यता मिळाली. उसावर असे काम करणे अवघड आहे, कारण त्याच्या पेशीत सुमारे १०० ते १३० गुणसूत्रे असतात आणि एकेका जनुकाच्या अनेक प्रती असतात. दुसरीकडे, ऊस कांडीपासून वाढतो, त्यामुळे एकदा साधलेला गुण पुढच्या लागणीत टिकून राहतो.

असे वाण मिळाले तर निचऱ्याचा खर्च वाचेल का?

नाही. या पानावरील सर्वांत महत्त्वाचे उत्तर हेच असल्यामुळे ते आकड्यांसह देणे आवश्यक आहे. प्रचलित मापदंडानुसार विद्युत वाहकता १.७ च्या पुढे गेली की उसाचे उत्पादन घटू लागते आणि प्रत्येक वाढीव एककामागे सुमारे ६ टक्के घट होते. म्हणजे वाहकता ८ झाली की साधारण ३७ टक्के उत्पादन जाते. समजा, एखाद्या नव्या वाणाने घट सुरू होण्याची ही मर्यादा १.७ वरून ४ वर नेली. ते फार मोठे यश ठरेल. परंतु त्या रानातील भूजल मुळांपर्यंत चढलेले असेल आणि पाणी दिले जातच असेल, तर वाहकता ४ वर थांबत नाही, ती वर्षागणिक चढते.

ती का चढते, याचा हिशेब सोपा आहे. लिटरमागे ५०० मिलिग्रॅम क्षार असलेले पाणी बहुतेक जण गोडेच मानतील. त्या पाण्याचा एकूण २०० सेंटिमीटर थर वर्षभरात एक एकर उसाला दिला तर सुमारे ८,००० घनमीटर पाणी आणि त्याबरोबर ४ टन क्षार रानात येतात. पाणी पानांतून आणि जमिनीवरून उडून जाते, क्षार मागे उरतात. खाली निचरा असेल तर पावसाळ्यात ते धुऊन निघतात. निचरा नसेल तर ते रानातच राहतात, मग पीक कितीही सहनशील असो. सहनशील वाण शेतकऱ्याला काही वर्षांची सवड देते आणि त्या सवडीचे मोल कमी नाही, परंतु ती निचऱ्याच्या कामासाठी वापरली नाही तर जमीन पूर्वीपेक्षाही बिघडलेल्या अवस्थेत हाती येते.

भूमिगत सच्छिद्र पाइप किंवा मोल निचरा (जमिनीच्या पोटात अवजाराने पाडलेली पोकळ वाट), सोबत आवश्यक तेथे जिप्सम वा गंधक, धैंचा किंवा तागाचे हिरवळीचे खत आणि ठिबकने मोजके पाणी, हा क्रम कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्राच्या परिसरातील शेतकऱ्यांना परिचित आहे. एकट्याच्या एकरभर रानात पाइप टाकून भागत नाही, कारण शेजारच्या वरच्या रानातील पाणी येतच राहते. बांधालगतच्या सर्वांनी मिळून एकच चर ओढ्यापर्यंत न्यावा लागतो. त्या चरातून बाहेर पडणारे खारट पाणी खालच्या गावाच्या वाट्याला जाते, याचाही विचार आधीच करावा लागतो.

क्षार शोषून घेणारी झाडे लावून जमीन गोडी करता येईल का?

काही खाऱ्या जमिनीतील वनस्पती, उदाहरणार्थ मोरस, समुद्रमेथीच्या जातीच्या रसाळ वेली किंवा अ‍ॅट्रिप्लेक्स, आपल्या पानांत भरपूर मीठ साठवतात. कापणी करून त्या रानाबाहेर नेल्या तर तितके मीठ बाहेर जाते. परंतु दाट आणि उत्तम वाढलेले पीकही वर्षाला एकरी एक-दोन टन क्षारांच्या पलीकडे फारसे जात नाही, आणि वरच्या हिशेबानुसार नुसत्या पाण्यातूनच चार टन येतात. त्यामुळे पाणी बंद केलेल्या पडीक तुकड्यावर किंवा निचरा जेथे शक्यच नाही अशा कोपऱ्यात या वनस्पतींना स्थान आहे. ऊस चालू ठेवून बांधावर त्या लावल्याने जमीन सुधारणार नाही. त्यांचा दुसरा गुण अधिक उपयोगी वाटतो: त्यांची मुळे घट्ट मातीत वाट करतात आणि पाणी मुरायला मदत होते.

जड धातूंनी दूषित झालेली माती वनस्पती स्वच्छ करतात, हे खरे आहे का?

खरे आहे, पण धातूनुसार आणि वनस्पतीनुसार. २००१ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात टेरिस व्हिट्टाटा हे नेचे आर्सेनिक शोषताना आढळले. त्याच्या कोरड्या पानांत किलोमागे हजारो मिलिग्रॅम आर्सेनिक सापडले. हे नेचे भारतातही जुन्या भिंतींवर आणि विहिरींच्या कडांवर उगवते. मोहरीच्या कुळातील काही जाती जस्त आणि कॅडमियम साठवतात. त्या बहुधा खुज्या आणि सावकाश वाढणाऱ्या असतात, त्यामुळे एकरी उचल कमी पडते. जनुकीय अभियांत्रिकी येथे दोन वाटांनी प्रयत्न करते. वेगाने वाढणाऱ्या वनस्पतीत धातू साठवण्याची क्षमता आणणे ही एक वाट, आणि विषारी संयुग मोडून टाकणारे जिवाणूचे जनुक वनस्पतीत घालणे ही दुसरी.

पहिल्या वाटेचे ठळक उदाहरण कॅलिफोर्नियातील आहे. तेथे सेलेनियमयुक्त मातीवर जनुकसुधारित मोहरीची शेतातील चाचणी झाली आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत एका वाणाने साध्या मोहरीच्या चौपटीहून थोडे अधिक सेलेनियम साठवल्याचे दिसले. दुसऱ्या वाटेवर २००७ मध्ये पॉप्लरच्या झाडात सशाचे एक यकृत-एन्झाइम घालून ट्रायक्लोरोइथिलीन हे औद्योगिक द्रावक मोडण्याचा वेग वाढवला गेला, आणि २०२१ मध्ये अमेरिकेतील लष्करी सराव मैदानावर जिवाणूचे जनुक घातलेल्या गवताने आरडीएक्स या स्फोटकाचे अवशेष मोडून टाकल्याचे प्रसिद्ध झाले. मला दुसरी वाट अधिक आशादायक वाटते, कारण सेंद्रिय विष मोडले की ते संपते. धातू मात्र मोडत नाही, त्याची केवळ जागा बदलते. १९९६ मध्ये पाऱ्याचे रूपांतर वायुरूपात करणारी वनस्पती तयार झाली तेव्हा हाच आक्षेप घेतला गेला: मातीतून गेलेला पारा हवेत मिसळतो.

वनस्पतींनी धातू काढायला किती वर्षे लागतील?

एक एकर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरात ढोबळमानाने ९०० टन माती असते. समजा, तीत कॅडमियम किलोमागे ५ मिलिग्रॅम आहे आणि ते ३ वर आणायचे आहे. म्हणजे एकरातून १.८ किलो कॅडमियम उचलावे लागेल. एखाद्या चांगल्या वनस्पतीने वर्षाला २ टन कोरडा पाला दिला आणि त्यात किलोमागे १०० मिलिग्रॅम कॅडमियम असले, तर वर्षाला २०० ग्रॅम निघते. नऊ वर्षे लागतील, आणि तीही दरवर्षी उचल तितकीच राहिली तर. प्रत्यक्षात सैल धातू आधी निघतो आणि घट्ट बसलेला मागे राहतो, म्हणून शेवटची वर्षे लांबतात. या काळात त्या रानातून खाण्याचे पीक घेता येत नाही. अल्पभूधारकाला नऊ वर्षे कोण सांभाळणार, हा प्रश्न या तंत्रज्ञानाच्या प्रत्येक प्रस्तावात पहिल्या पानावर असला पाहिजे.

उलट दिशेचा एक उपाय मला अधिक व्यवहार्य वाटतो: धातू मातीत राहू द्यावा, पण दाण्यात येऊ देऊ नये. जपानमध्ये कॅडमियममुळे इताई-इताई हा हाडांचा भयंकर आजार उद्भवला होता. तेथेच कोशिहिकारी भातावर आयन किरणांचा मारा करून ज्याच्या दाण्यात कॅडमियम जवळजवळ येतच नाही असे वाण २०१२ मध्ये पुढे आले.

द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणामुळे साठलेले तांबे काढणारी वनस्पती आहे का?

उपयोगी पडेल अशी नाही. बोर्डो हे मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुन्याचे बुरशीनाशक आहे. एक टक्का बोर्डोच्या २०० लिटर द्रावणात २ किलो मोरचूद असते आणि त्यात सुमारे अर्धा किलो तांबे. हंगामात एकरी अशा चार फवारण्या झाल्या तर २ किलो तांबे येते. साध्या वनस्पतीच्या कोरड्या पाल्यात किलोमागे फार तर २० मिलिग्रॅम तांबे असते, म्हणजे २ टन पाल्यातून ४० ग्रॅम निघते. जनुकसुधारणेने ही क्षमता दहापट झाली तरी वर्षाची भर उचलली जाणार नाही. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत तांबे घट्ट धरले जाते, ही जमेची बाजू आहे. येथे फवारणीची संख्या आणि मात्रा कमी करणे हाच उपाय आहे.

कारखान्याचे मळीमिश्रित सांडपाणी रानात आले तर कोणती झाडे लावावीत?

अशा सांडपाण्यात सेंद्रिय भार आणि पोटॅशसह विद्राव्य क्षार फार असतात. त्यासाठी धातू शोषणाऱ्या वनस्पतीची गरज नसते. प्रवाह थांबवणे, रान उघडे करून वाळवणे, निचरा करणे आणि माती-पाणी तपासणे हे आधी करावे.

कापलेल्या वनस्पतींचे काय करायचे?

धातू शोषलेला पाला जनावरांना घालू नये, त्याचे कंपोस्ट करू नये आणि तो रानात जाळू नये, कारण राखेतून तोच धातू परत त्याच मातीत येतो. तो नियंत्रित भट्टीत जाळून राख घातक कचऱ्याच्या अधिकृत जागी न्यावी लागते. ही व्यवस्था ठरल्याशिवाय लागण करू नये. बांधावरची वैरण शेजाऱ्याची म्हैस खाते, हे आपल्याकडचे वास्तव लक्षात घेऊन कुंपणाचाही खर्च धरावा.

आटपाडी, जत, माण, खटाव या दुष्काळी तालुक्यांसाठी काय आहे?

दुष्काळसहनशील पिकांत जगात सर्वाधिक पुढे गेलेली दोन उदाहरणे आहेत. मातीतील जिवाणूचे जनुक घातलेला मका अमेरिकेत २०१३ पासून शेतकऱ्यांकडे आहे, आणि सूर्यफुलातील जनुक घातलेल्या गव्हाला अर्जेंटिनाने २०२० मध्ये मान्यता दिली. दोन्ही पिके पाण्याविना वाढत नाहीत. ताणाच्या काळात होणारी घट काही प्रमाणात कमी करतात, एवढेच. या तालुक्यांत ज्वारी, बाजरी, मटकी आणि करडई आधीपासून हा गुण बाळगून आहेत, आणि करडईवर फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने दीर्घकाळ काम केले आहे. टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचे पाणी पोहोचलेल्या भागांत मात्र वेगळी काळजी घ्यावी लागेल. तेथील भारी जमिनींत पहिल्या दिवसापासून निचरा आणि ठिबक नसेल, तर वाळव्यात घडले ते तेथेही घडू शकते.

महापुरात पीक तगण्यासाठी असे जनुक आहे का?

भातासाठी आहे. ओडिशातील एका जुन्या वाणातील सब१ए हे जनुक २००६ मध्ये ओळखले गेले आणि संकरातून स्वर्णा भातात आणले गेले. ते रोप सुमारे दोन आठवडे पाण्याखाली राहूनही पुन्हा फुटते. २०१९ आणि २०२१ च्या पुरात सांगलीकाठी बुडालेल्या ऊस, सोयाबीन आणि हळदीसाठी तसे वाण उपलब्ध नाही.

कायदा काय सांगतो?

जनुकसुधारित वनस्पतींना पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९ चे नियम लागू होतात आणि प्रस्ताव जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समितीकडे जातो. २००२ मध्ये मान्यता मिळालेला बीटी कापूस हेच आजवर शेतकऱ्यांच्या व्यापारी लागवडीत असलेले पीक आहे. बीटी वांग्याला २०१० मध्ये स्थगिती मिळाली. बाहेरचे जनुक न राहणाऱ्या काही जनुकसंपादित (स्वतःच्याच जनुकात बदल केलेल्या) वनस्पतींना ३० मार्च २०२२ च्या आदेशाने या नियमांतील प्रमुख तरतुदींतून सूट मिळाली. त्याच वाटेने भाताची दोन वाणे ४ मे २०२५ रोजी जाहीर झाली. त्यांपैकी पुसा डीएसटी राइस १ मध्ये दुष्काळ व क्षार यांचा ताण सोसण्याशी संबंधित जनुक संपादित केलेले आहे. आपल्या भागात कोणी पावती आणि लेबल न देता 'क्षाररोधक जीएम बेणे' विकत असेल, तर ते घेऊ नये आणि कृषी विभागाला कळवावे.

माती परीक्षणासाठी नमुना कसा घ्यावा?

क्षारांसाठी केवळ वरची वीत पुरेशी नाही. ० ते ३०, ३० ते ६० आणि ६० ते ९० सेंटिमीटर अशा तीन थरांचे नमुने वेगळे घ्यावेत आणि ते शक्यतो उन्हाळ्यात, पाणी देण्याआधी घ्यावेत. विद्युत वाहकता, सामू आणि विनिमययोग्य (मातीच्या कणांना चिकटलेले) सोडियम या तिन्हींची मागणी करावी. विहिरीच्या वा बोअरच्या पाण्याचा नमुना सोबत द्यावा, आणि रानात एक उथळ निरीक्षण नळी बसवून भूजलाची पातळी दर महिन्याला लिहून ठेवावी. धातूंची तपासणी नेहमीच्या अहवालात नसते, ती स्वतंत्रपणे सांगावी लागते. त्या नमुन्यासाठी गंजलेले किंवा जस्ताचा मुलामा दिलेले अवजार वापरू नये. लाकडी किंवा प्लास्टिकचे खुरपे घ्यावे आणि माती स्वच्छ कापडी पिशवीत भरावी.